गोजराबाईने मशीनला पात शिकवली

गोजराबाईला अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात हुकूम पुष्कळांनी सोडले, प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. सासऱ्याने नाही, नवऱ्याने नाही आणि ज्यांच्या वावरात तिने उभा जन्म निंदण केलं त्या मालकांनी तर नाहीच नाही. "उद्या सहा बाया घेऊन ये," एवढंच काय ते तिच्याशी बोलणं. बाया कशा बसवतेस, ओळ कशी चालवतेस, हे विचारण्यासारखं असेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माणसाला असं कोरडं ठेवलं, की पुढे कधीतरी कोणी गोड बोलून चार प्रश्न विचारले तर ते वाहवत जातं. गोजराबाई वाहवत गेली. तिला नावं ठेवणाऱ्या बाया आज मेडशीत घरोघरी आहेत. ठेवू देत. त्यांनाही कोणी अजून काही विचारलेलं नाही.

गोजराबाई निंदणाच्या टोळीची म्होरकी. ती धरून सहा बाया. मेडशीच्या शिवारात जगदेवचं वीस एकर रान आहे, सोयाबीन आणि मधून मधून तुरीचं तास, म्हणजे पेरणीची रांग. पेरून तीन आठवडे झाले की केना असा माजतो की पीक कोणतं आणि तण कोणतं ते कळत नाही. मग टोळीला बोलावणं येतं. बाया वावराच्या एका टोकाला ओळीने उकिडव्या बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन तासांचा पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. पात धरायची, विळ्याने तण काढत पुढे सरकायचं आणि समोरच्या धुऱ्याला, म्हणजे वावराच्या कडेच्या बांधाला, सगळ्यांनी एकदम टेकायचं. एक पुढे, एक मागे असं चालत नाही. मालक धुऱ्यावर उभा असतो, आणि वाकडी ओळ त्याला लांबूनही दिसते.

या ओळीत नानीबाई होती. गोजराबाई आणि ती एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन मेडशीत आल्या. आठ वर्षांपूर्वी मळणीयंत्रात नानीबाईच्या उजव्या हाताची तीन बोटं चेंगरली. बोटं जाग्यावर राहिली पण वळेनात. विळा ती डाव्या हाताने धरू लागली, आणि डाव्या हाताला पन्नाशीच्या उंबरठ्यावर किती शिकवणार? दुसरी बाई चार हात पुढे जाई तोवर नानीबाई दोन हात सरके. तेव्हा गोजराबाईने कोणाला काही न सांगता तिला ओळीच्या मधोमध बसवलं. एका बाजूला स्वतः बसली, दुसऱ्या बाजूला टोळीतली सगळ्यात चपळ पोरगी, ज्योत्स्ना. दोघी आपापली पात काढता काढता नानीबाईच्या पातीत हात घालायच्या, इकडून एक मूठ, तिकडून एक मूठ. मान वळवायची नाही, उठायचं नाही, तोंडाने नाव काढायचं नाही. उलट त्याच वेळी कोणाच्या तरी सुनेबद्दल जोरात बोलायचं. नानीबाईनेही उपकार मानल्याचं दाखवायचं नाही. ओळ सरळ धुऱ्याला टेकायची. आठ वर्षांत जगदेवला पत्ता लागला नाही.

यात गोजराबाईने काही पुण्यकर्म केलं नव्हतं. तिच्या तिसऱ्या बाळंतपणाआधी नववा महिना लागेपर्यंत तिची अर्धी पात नानीबाईनेच ओढली होती. आणि नानीबाईची घरची गत तिला ठाऊक होती. लेकाच्या घरात नानीबाईला सकाळी डबा भरून मिळायचा तो कामावर जाते म्हणून. ज्या सकाळी डबा भरायचं कारण उरणार नाही, त्या सकाळपासून सून कोणत्या सुरात बोलेल हे नानीबाई पुरतं ओळखून होती. तिला मरणाचं भय नव्हतं, ओळीतून उठण्याचं होतं.

मागच्या वर्षी जुलैत जगदेवच्या वावरात टेम्पो आला आणि त्यातून चार मशिनी उतरल्या. शिलाई मशीनच्या टेबलाएवढ्या, चार चाकं, पोटाखाली लोखंडी पंजे आणि कपाळावर कॅमेरा. बरोबर एक पोरगी होती, जिनल. वाशीमच्या अडत्या उत्तमचंद शेठची नात. बाहेरगावी कुठल्याशा मोठ्या संस्थेत शिकत होती, आणि माणसं आणि मशिनी मिळून एक काम कसं करतील हा तिच्या संशोधनाचा विषय होता. जगदेव वर्षानुवर्षं उत्तमचंद शेठच्या अडतीत माल घालायचा, त्यामुळे वावर मिळायला वेळ लागला नाही.

जिनल बाकीच्या शिकलेल्यांसारखी नव्हती. चिखलात बसायची, बायांच्या डब्यातली भाकर मागून खायची, फक्त कांदा बाजूला ठेवायची. तिने सहाही जणींच्या मनगटावर घड्याळासारखे पट्टे बांधले. कोण कुठे बसली आहे, कोणाचा हात किती चालतो, हे त्यातून मशीनला कळणार होतं. नानीबाईला पाच नंबरचा पट्टा आला.

"मावशी, या चौघी एकमेकींशी बोलतात," जिनलने गोजराबाईला समजावलं. "एकीला जे कळलं ते संध्याकाळपर्यंत चौघींना कळतं. आणि गुण एकेकीला मिळत नाहीत, सगळ्या ओळीला मिळतात. ओळ वेळेत धुऱ्याला पोचली की सगळ्यांना गुण."

"अन् नाई पोचली त?"

"कोणालाच नाही."

गोजराबाई हसली. "मंग नवं काय आनलं व तू? हे त आमचंच हाये."

पहिल्या दिवशी एक बाई, एक मशीन अशी ओळ लागली. दुपारी एका मशीनच्या चाकात काळी माती अशी चिकटली की ती जागच्या जागी घरघरत बसली. बायांनी तिचं लगेच नाव ठेवलं, लंगडी. लंगडी मागे राहिली तशी एका बाजूने ज्योत्स्नाचा आणि दुसऱ्या बाजूने गोजराबाईचा हात तिच्या पातीत गेला. कोणी ठरवलं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय विचारून थोडीच वागते? ओळ धुऱ्याला टेकली, सगळ्यांना गुण मिळाले, जिनलने टाळ्या वाजवल्या.

इथे लंगडीने आपला हिशेब केला. मी थांबले, तरी पात साफ झाली, गुणही मिळाले. दुसऱ्या दिवशी चाकं कोरडी खडखडीत असताना ती थांबली. बायांनी पात उचलली, गुण मिळाले. आणि एकीला जे कळलं ते चौघींना कळतं, असं जिनलनेच सांगितलं होतं. पाचव्या दिवशी चारही मशिनी ओळीत बसल्या त्या पाटलिणीसारख्या बसूनच राहिल्या आणि सहा बाया दहा जणींच्या पाती ओढू लागल्या. लाखालाखाची यंत्रं माणसांत येऊन पहिली गोष्ट शिकली ती बसून खाण्याची. जिनल तीन दिवस तारा तपासत होती, रडकुंडीला आली होती.

"म्याडम, मशीन बिघडली नाई," ज्योत्स्ना म्हणाली. "लाडावली."

मग जिनलने कॅमेऱ्याची चित्रं नीट पाहिली आणि तिला बायांचे हात दिसले. ते मशीनच्या पातीत जात होते, तसेच पाच नंबरच्या पातीतही जात होते. ती धावत गोजराबाईकडे आली. दुपारची सुट्टी होती, बाया लिंबाच्या सावलीत पडल्या होत्या. जिनल तिच्यासमोर मांडी घालून बसली, वही उघडली आणि म्हणाली, "मावशी, हे तुम्ही कसं करता? मला सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून."

सगळं सांगा! गोजराबाईने आधी आजूबाजूला पाहिलं, आपल्यालाच विचारते आहे ना याची खात्री केली.

"त्यात काय सांगाचं? येकीचा हात मंद झाला का बाजूवालीनं घ्यायचं तिचं थोडं."

"पण हात मंद झाला हे कळतं कसं? तुम्ही तर मान वर करत नाही."

"विळ्याच्या आवाजावून. मातीत विळा फिरते ना, त्याचा ताल असते. ताल तुटला का समजाचं."

जिनलने ते लिहून घेतलं. तिचा पेन चालताना पाहून गोजराबाईला कसंसंच झालं. मग ती बोलत सुटली. किती मागे पडेपर्यंत थांबायचं, केव्हा हात घालायचा, लवकर घातला तर बाईला अपमान वाटतो, उशिरा घातला तर ओळ वाकते. मजबूत हाताजवळ कमजोर हात कसा बसवायचा. घेणारी आज आणि देणारी उद्या हे कसं फिरत राहतं. दुपारची सुट्टी संपली तरी ती बोलतच होती. जिनल मध्येच म्हणाली, "मावशी, आमच्याकडे मोठमोठी माणसं हे शोधायला वर्षं घालवतात." गोजराबाईने पदराने तोंड पुसलं, पण हसू काही लपेना.

शेवटी तिला एकदम भान आलं. "हे जगदेवभाऊले सांगू नको, पोरी. नानीचं."

"शप्पथ नाही सांगणार," जिनल म्हणाली. आणि तिने सांगितलंही नाही. अखेरपर्यंत शब्द पाळला.

जे विचारलं नाही ते मात्र गोजराबाईने सांगितलं नाही. मदत करायची ती दिसू द्यायची नाही, हा या सगळ्याचा गाभा. पण तो तिच्या लेखी सांगण्याचा विषयच नव्हता. श्वास घ्यायचा हे कोणी कोणाला सांगतं का? ओळीत बसलेल्या बाईला ते कळतंच, असं ती धरून चालली. मशीन ओळीत बसत होती पण बाई नव्हती, एवढं तिच्या ध्यानात आलं नाही.

पुढचे तीन आठवडे जिनलने बायांना बाजूला ठेवून मशिनींनाच शिकवलं. आता गुण वेगळ्या रीतीने होते. ओळीत कोणी मागे राहता कामा नये. जी मागे पडेल तिच्याकडे दुसरीने वळायचं. माणूस असो की मशीन, सगळ्यांना एकच न्याय. एक दिवस जिनलने गोजराबाईला मुद्दाम पाहायला बोलावलं. लंगडीला बंद करून ठेवलं होतं. बाजूची मशीन थोडी पुढे गेली, थबकली, वळली आणि लंगडीची पात काढू लागली. गोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हाताचं वळण त्या लोखंडी पंज्यात तिला ओळखू आलं.

फक्त एक गोष्ट तिला खटकली. वळताना मशीनच्या डोक्यावर पिवळा दिवा लागला आणि ती पीं पीं करून ओरडू लागली.

"हे कायले बोंबलते व?"

"सुरक्षेसाठी, मावशी. संस्थेचा नियम आहे. माणसं जवळ असताना मशीनने पात सोडली की आवाज झालाच पाहिजे. कोणाच्या हाताला लागलं म्हणजे?"

हाताला लागलं म्हणजे काय होतं हे गोजराबाईला चांगलंच माहीत होतं.  काय खटकलं ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण एवढी शिकलेली पोर, तिला आपण काय अक्कल शिकवायची? थोड्याच दिवसांपूर्वी हीच पोर आपल्याकडून अक्कल शिकत होती, हे तिला तेव्हा आठवलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीला प्रात्यक्षिकाचा दिवस आला. धुऱ्यावर मंडप पडला, खुर्च्या लागल्या, मोठा पडदा लागला. बाहेरगावचे पाहुणे आले, जिल्ह्याच्या ठिकाणचे साहेब आले, उत्तमचंद शेठ पहिल्या रांगेत बसले, आणि जगदेव इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांना पाणी देत फिरत होता. गावातली अर्धी माणसं बांधावर उभी. जिनलने माइक हातात घेऊन गोजराबाईला पुढे बोलावलं. "या आमच्या गुरू," ती म्हणाली. "मशीनला एकमेकींना सांभाळायला यांनी शिकवलं." टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. गोजराबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं होतं.

बाया बसायला निघाल्या तेव्हा तिने पाहिलं की ओळ जिनलने आखली आहे. नानीबाईच्या दोन्ही बाजूंना मशिनी, आणि आपण तीन पाती सोडून पलीकडे.

"जिनल, नानीले माया बाजूले बसव."

"मावशी, आज मशीन आहे ना. ती बघेल की! तेच तर दाखवायचंय."

नानीबाईने गोजराबाईकडे पाहिलं.  गोजराबाईने मानेनेच सांगितलं, बस. म्हणजे नानीबाईला त्या जागी बसवलं कोणी, हे विचारायचं झालं तर उत्तर सरळ आहे.

शिट्टी झाली. ओळ निघाली. पाचेक मिनिटं सगळं छान चाललं. मग नानीबाई हातभर मागे पडली आणि उजवीकडची मशीन थबकली. पिवळा दिवा लागला. पीं पीं पीं. ती नानीबाईच्या पातीत शिरली. मंडपात टाळ्या झाल्या. नानीबाई दचकली, अंग चोरून बाजूला झाली, त्यात आणखी मागे पडली. तशी डावीकडची मशीन वळली. पीं पीं पीं. पडद्यावर सगळ्यांची गती हिरव्या रेघांनी दिसत होती, त्यात पाच नंबरची रेघ लाल झाली. नानीबाईने घाईत विळा वळत नसलेल्या हातात घेतला, तो निसटला. आता तर ती थांबलीच. मग लांबच्या दोन मशिनीही आपापली संपत आलेली पात सोडून वळल्या. चारही मशिनी तिच्याभोवती जमल्या, चार दिवे, चार भोंगे, आणि मधोमध नानीबाई, आपला उजवा हात पदराखाली दडवून बसलेली. बांधावरची पोरं हसायला लागली. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

गोजराबाईला विळ्याचा ताल तुटल्याचं त्या सगळ्या गोंगाटातही कळलं होतं. काय करायचं तेही कळलं होतं. तिने आपला हात आखडता घेतला असता, तिच्याकडे बघून ज्योत्स्नाने घेतला असता, बाकीच्या तिघींनी घेतला असता, तर ओळीतल्या सगळ्याच रेघा लाल झाल्या असत्या. मशिनी गोंधळून चहूकडे धावल्या असत्या आणि नानीबाई त्या गर्दीत मिसळून गेली असती. एवढं सोपं होतं. ज्योत्स्नाने दोनदा मान वळवून तिच्याकडे पाहिलंही. म्होरकी ती होती, बाया तिच्या हाताकडे बघत होत्या.

पण मंडपातून जिनलचा आवाज येत होता, "बघा, गोजरामावशींचा वेग बघा!" मोबाइल तिच्यावर रोखलेले होते. जिला उभ्या जन्मात कोणी गुरू म्हटलं नव्हतं, ती त्या पाच मिनिटांसाठी गुरू होती, आणि गुरूला मागे राहता येईना. तिचा विळा उलट आणखी झपझप चालला. ती सगळ्यांच्या आधी धुऱ्याला पोचली. तिला शाल आणि नारळ मिळाला. शाल अंगावर पडत असताना तिने मागे पाहिलं तेव्हा नानीबाई अजून वावराच्या मध्यावर होती आणि तिची पात मशिनींनी लख्ख साफ केली होती.

एका साहेबाने जगदेवला विचारलं, "त्या मधल्या बाई नवीन आहेत का?"

"नाही, त्या तर आठ वर्षांपासून..." जगदेव म्हणाला आणि वाक्य अर्ध्यात सोडून नानीबाईकडे पाहत राहिला. गोजराबाईने त्याचं ते पाहणं पाहिलं. तिला नारळ जड झाला.

मशिनी टेम्पोत चढत होत्या तेव्हा तिने जिनलला गाठलं. "पोरी, नानीचं आता काय?"

"का? मशीनने किती छान मदत केली त्यांना! सगळे तेच बोलत होते."

"सगळे बोलून राह्यले, तेच त."

जिनलला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तिचा चेहरा उतरला. "पण मी कोणालाच सांगितलं नाही, मावशी. खरंच. मी जगदेवकाकांशी बोलू का?"

"नको, माय. तू बोलली त आनखी दिसन."

जिनल वाईट पोरगी नव्हती. टेम्पो निघाला तेव्हाही ती मागे वळून पाहत होती. पुढे महिन्याभराने तिचा ज्योत्स्नाच्या मोबाइलवर निरोप आला, की तिचा लेख परदेशातल्या सभेत निवडला गेला आणि त्यात मेडशीच्या बायांचे आभार मानले आहेत. ज्योत्स्नाने तो वाचून दाखवला. लेखात एक वाक्य असं होतं, की मशीनच्या साहाय्याने पाच क्रमांकाच्या व्यक्तीचं मागे राहणं निम्म्यावर आलं. गोजराबाईने ते ऐकून घेतलं आणि मोबाइल ठेवून द्यायला सांगितलं.

पण त्याआधीच, प्रात्यक्षिकानंतर आठच दिवसांनी, जगदेवने तिला बोलावलं होतं. तुरीच्या तासांत पुन्हा तण उगवलं होतं.

"गोजराबाई, निंदनाले पाच बाया आन."

"पाच?"

"पाचच त काम करून राह्यल्या व्हत्या ना आठ वर्सं. मले का डोये नाईत?"

"भाऊ, नानी जाईन कुठं?"

 जगदेवही काही राक्षस नव्हता. "कानावर आलं असतं त मी बी डोयेझाक केली असती," तो म्हणाला. "कोनाले दिसत नाई तोवर चालून जाते, बाई. पन आता अख्ख्या मंडपानं पाह्यलं. पोट्टे मले हासून राह्यले, का जगदेवच्या वावरात मशीन बाईले सांभायते म्हनून. आता मी तिले ठेवू त कसा ठेवू?"

 बाया आणणं हे म्होरकीचं काम, त्यामुळे बाईला येऊ नको म्हणून सांगणंही म्होरकीचंच. दुसऱ्या दिवशी गोजराबाई सकाळी लवकर नानीबाईच्या दारात गेली. नानीबाई ओट्यावर तयार होऊन बसली होती. डोक्याला फडकं बांधलेलं, विळा शेजारी. डबा मात्र नव्हता. आत सून भांडी आपटत होती. म्हणजे बातमी गोजराबाईच्या आधी पोचली होती.

"मले मालूम हाये," नानीबाई म्हणाली. "तू कायले आली?"

"मी भाऊले लय सांगतलं, नाने. त्यानं आयकलं नाई."

"त्याचं जाऊ दे." नानीबाईने वळत नसलेली बोटं दुसऱ्या हाताने चोळली. "त्या दिवशी तू हात थांबवला काहून नाई?"

गोजराबाईने खरं सांगायला तोंड उघडलं. शाल, टाळ्या, गुरू, सगळं ओठांवर आलं. लोकांनी पहिल्यांदा मला पाहिलं म्हणून मी तुला पाहिलं नाही, हे नानीबाईला कदाचित पटलंही असतं. पण लाज वाटली.

"मले दिसलंच नाई व," ती म्हणाली.

नानीबाई तिच्याकडे पाहत राहिली. दोघींनी चाळीस वर्षं एकमेकींच्या पाती मान न वळवता ओळखल्या होत्या. ओळीतली बाई मागे पडली आणि बाकीच्या ओळीला कळलं नाही, असं दोघींच्या जन्मात कधी झालं नव्हतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं.

"नसन दिसलं," नानीबाई म्हणाली. डोक्याचं फडकं सोडून तिने त्याची घडी घातली, विळा उचलला आणि आत निघून गेली. आतून सुनेचा आवाज वाढला. 

गोजराबाई वावरात आली तेव्हा चौघी धुऱ्याशी उभ्या होत्या. नानीबाईबद्दल कोणी विचारलं नाही. पाचही जणी पात धरून बसल्या. सवयीने गोजराबाईचा हात दर थोड्या वेळाने डाव्या बाजूला जाई, आणि तिथे ज्योत्स्नाची साफ काढलेली पात लागे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ज्योत्स्ना मान वर न करता म्हणाली, "बाई, आपली पात पाहा." जोरजोरात बोलायचं कारण उरलं नव्हतं, त्यामुळे कोणी बोलत नव्हतं. दुपार व्हायच्या आत त्या धुऱ्याला टेकल्या, पाचही जणी, एका रेषेत. धुऱ्यावर जगदेव उभा होता. त्याने ओळीकडे पाहिलंसुद्धा नाही.